‘चाओ’ : दास्यातून आलेला नमस्कार

रोमच्या यात्रेहून परतणारी आपली मंडळी जपमाळांबरोबर एक शब्दही हमखास घेऊन येतात : ‘चाओ’. भेटताना तोच, निरोप घेतानाही तोच. मात्र इटलीत तो जिव्हाळ्याच्या माणसांतच शोभतो. परक्या वडीलधाऱ्या गृहस्थास ‘चाओ’ म्हणणे तेथे उद्धटपणाचे ठरते.

नवल असे, की या सलगीच्या शब्दाचा मूळ अर्थ ‘गुलाम’ असा आहे! ‘मी आपला दास’ हे व्हेनिसच्या बोलीतील शिष्टाचाराचे वचन. अठराव्या शतकातील व्हेनिसचा नाटककार गोल्दोनी याची पात्रेही अशाच शब्दांत निरोप घेतात. त्यातील ‘स्चावो’, म्हणजे दास, हा शब्द बोलून बोलून झिजला आणि ‘चाओ’ उरला. आपल्याकडे तरी काय? जुन्या पत्रांखाली ‘दासानुदास’ लिहीत. अर्जाखालचा ‘आपला आज्ञाधारक’ तर आपल्या परिचयाचाच. (तो आज्ञा कितपत पाळी, हे अर्ज वाचणाऱ्यालाच ठाऊक!)

परंतु ‘स्चावो’च्या मुळाशी मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्क्लावुस’ आहे, आणि तेथे विनोद संपतो. ‘स्क्लावुस’ म्हणजे मुळात स्लाव वंशाचा माणूस. पूर्व युरोपातील हे लोक इतक्या संख्येने धरून विकले गेले, की त्यांच्या वंशाचे नावच गुलामाचे नाव होऊन बसले. इंग्रजीतील ‘स्लेव्ह’ही त्याच कुळातला. या व्यापारात व्हेनिसकर अग्रेसर होते. आठव्या शतकात त्यांच्या व्यापाऱ्यांनी खुद्द रोममध्ये स्त्री-पुरुष खरेदी करून आफ्रिकेत नेण्याचा घाट घातला. तेव्हा संत पोप झखर्या (७४१–७५२) यांनी किंमत चुकती करून त्या सर्वांना मुक्त केले, अशी नोंद पोपांच्या प्राचीन चरित्रसंग्रहात आहे. ९६० मध्ये व्हेनिसच्या शासनाने या व्यापारास बंदी केली, तरी तो पुढे कित्येक शतके चालूच राहिला. विकणारे बाप्तिस्मा घेतलेले होते, हे लिहिताना लेखणी अडखळते.

संत पौलही स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवितो. पण त्याच्या श्रोत्यांत खरेखुरे दास बसलेले असत. त्यांतील अनेसिम या एकासाठी त्याने फिलेमोनाला स्वहस्ते रदबदली केली. थोर पोप ग्रेगरी (५९०–६०४) यांनी ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद धारण केले, ते पोपांच्या नावापुढे आजही आहे. व्हेनिसच्या सरदाराला मात्र ‘आपला दास’ म्हणण्यासाठी काहीच मोजावे लागत नसे. ज्यांना मोजावे लागले, त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत.

ऑस्ट्रिया व बव्हेरियात मित्र एकमेकांना ‘सेर्वुस’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ तोच : दास.