तेल गेले, अँटी राहिला

इंग्रजी भाषेत 'अँटी' नावाचा एक उपसर्ग आहे. मूळचा ग्रीक. तिकडे असताना तो इतका भांडकुदळ नव्हता. विरोध त्याला येत असे, पण 'समोरचा' आणि 'बदल्यात' ही कामेही तो बिनतक्रार करी. अंटार्क्टिका हे नाव आर्क्टिकच्या समोरचे म्हणून पडले, दोघांचे भांडण नव्हते म्हणून. आपला 'प्रति' त्याचा चुलतभाऊ शोभेल. प्रतिबिंब समोरचे, प्रतिनिधी बदलीचा, आणि १९४३ साली साताऱ्यात उभे राहिलेले प्रतिसरकार मात्र खणखणीत विरोधातले. इंग्रजीत आल्यावर अँटीने बाकीचे धंदे जवळजवळ सोडले आणि तो कायमचा विरोधी बाकावर जाऊन बसला. आपल्याकडेही तो त्याच नात्याने आला. पाटीवर 'लाचलुचपत प्रतिबंधक' असे कितीही शुद्ध लिहा, टेबलाखालचा हात दचकतो तो 'अँटी करप्शनवाले आले' या आरोळीनेच!

पण या अँटीची सगळ्यात मजेदार नोकरी एका खुर्चीच्या पाठीवर होती.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या रोलंड नावाच्या न्हाव्याने एक केसांचे तेल बाजारात आणले. नाव 'मकासर ऑइल'. मकासर हे आजच्या इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे बंदर. तेलाचा मालमसाला तिथून येतो, असा रोलंडचा दावा. जाहिराती तर अशा, की १८१९ साली बायरनसारख्या कवीलाही 'डॉन जुआन'मध्ये त्या तेलाची टिंगल करण्याचा मोह आवरला नाही. (कवी टिंगल करू लागला, की माल खपतो आहे असे समजावे.) साहेबलोक ते तेल डोक्यावर थापून एकमेकांच्या दिवाणखान्यात जात, गुबगुबीत खुर्चीत रेलत आणि राजकारणावर बोलत. राजकारण हवेत विरे. तेल मात्र खुर्चीच्या भारी कापडात मुरे. ते कापड काढून धुण्याची सोय नव्हती.

यजमानीणबाई पाहुण्याला 'डोके पुसून बसा' असे सांगू शकत नाही, मग ती लंडनची असो की लोणंदची. तिने खुर्चीच्या पाठीवर धुता येईल असा विणलेला रुमाल टाकला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याचे नाव पडले 'अँटीमकासर'. एका बाजारी तेलाविरुद्ध घरोघरच्या बायकांनी क्रोशाच्या सुईने पुकारलेले हे युद्ध. इतिहासाच्या पुस्तकात त्याला तह नाही, सनावळी नाही.

आमच्या आत्याच्या घरी असे रुमाल होते. 'अँटीमकासर' हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नसेल. पण तत्त्व पक्के ठाऊक होते. नव्हे, ती इंग्रजांच्याही एक पाऊल पुढे होती. खोबरेल चोपडलेला पाहुणा फाटकातून आत येताना दिसला, की ती धावत जाऊन रुमाल काढून ठेवी. एवढा दोन महिने खपून विणलेला, तेलकट नाही का होणार?

पुढे पुरुषांच्या केसांची फॅशन बदलली. मकासर तेलाचे राज्य गेले. रुमाल मात्र राहिला. ज्याच्याविरुद्ध उभे राहायचे तो शत्रूच मेला, तरी हा आपला पहाऱ्यावर. आगगाडीच्या वरच्या वर्गात, विमानात, डोके टेकायच्या जागी आजही त्याची पोरेबाळे दिसतात. इंग्रजांचाच एक दुसरा अँटी याच्या अगदी उलट निघाला. परदेशी धान्यावर जकात बसवून भाकरी महाग करणारे कायदे होते, त्यांच्याविरुद्ध मँचेस्टरच्या मंडळींनी १८३९ साली 'अँटी कॉर्न लॉ लीग' काढली. सात वर्षे सभा, पत्रके, वर्गण्या. १८४६ साली संसदेने ते कायदे रद्द करायचे ठरवले आणि लीगने आपला गाशा गुंडाळला. काम झाले म्हणून संस्था बंद! आपल्याकडे निदान सुवर्णमहोत्सवापर्यंत तरी रेटली असती, आणि कार्यकारिणीत दोन तट पडले असते ते वेगळेच.

जुने अँटीमकासर आता अँटीक वस्तूंच्या दुकानात मिळतात. यातला 'अँटीक'मधला अँटी मात्र तोतया आहे, बरे का. तो लॅटिनमधल्या 'आधीचा' या अर्थाच्या शब्दाच्या घरातला. देवनागरीत दोघांचे कपडे सारखे दिसतात एवढेच.

आणि सरकारी कचेरीतल्या मोठ्या साहेबाच्या खुर्चीवरचा तो पांढरा टर्किश टॉवेल? त्याचे गोत्र हेच असावे, असा माझा संशय आहे. एका कचेरीत साहेबांना पूर्ण टक्कल होते. तेलाचा थेंब टिकायलाही जागा नव्हती. तरी टॉवेल रोज बदलला जाई. शिपायाला कारण विचारले.

"म्हणजे काय साहेब? टॉवेल नसला तर खुर्ची हेडक्लार्कची वाटेल ना!"