अठरा मीटरच्या खालचा समुद्र

मालवण-तारकर्लीची सहल करून आलेल्या घरांत अलीकडे एक छायाचित्र आवर्जून दाखवले जाते. हिरवट पाणी, भोवती पट्टेरी माशांचा घोळका आणि तोंडात नळी धरून, अंगठा व तर्जनी जुळवून ‘सर्व ठीक’ अशी खूण करणारी व्यक्ती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील ही पहिली बुडी अनेकांच्या कायमची स्मरणात राहते. मात्र तिला स्कूबा डायव्हिंग शिकणे म्हणता येत नाही. सिलिंडर मागून प्रशिक्षकाने धरलेले असते, खोली त्यानेच ठरवलेली असते. पाण्याखाली स्वतःचा भार स्वतः सांभाळण्याची वेळ पर्यटकावर येतच नाही.

ती वेळ ‘ओपन वॉटर’ या पहिल्या अभ्यासक्रमात येते. १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘पाडी’सारख्या संस्थांचा हा अभ्यासक्रम साधारण तीन-चार दिवसांचा असतो. त्यात तलावातील सराव आणि समुद्रातील चार बुड्या यांचा समावेश असून, तो पूर्ण करणाऱ्यास १८ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६० फूट खोल जाण्याची मुभा मिळते. त्यानंतरची पायरी ‘अ‍ॅडव्हान्स्ड ओपन वॉटर’. येथे मर्यादा ३० मीटरवर जाते. प्रशिक्षकाबरोबर पाच बुड्या माराव्या लागतात. त्यांपैकी खोल बुडी आणि दिशाशोधन या दोन सक्तीच्या, उरलेल्या तीन आवडीनुसार. नाव भारदस्त असले तरी त्यावर फार विसंबू नये. पहिल्या अभ्यासक्रमाच्या चार आणि या पाच, अशा अवघ्या नऊ बुड्यांचा अनुभव असलेल्या व्यक्तीच्या हातीही हे प्रमाणपत्र पडू शकते. दोन्हींच्या मध्ये पंधरा-वीस बुड्यांचा सराव केलेला असेल, तर या प्रशिक्षणातून खऱ्या अर्थाने काही पदरात पडते.

खोलीचे गणित

सिलिंडरमध्ये शुद्ध प्राणवायू असतो, हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. त्यात आपण श्वासावाटे घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, ३० मीटरवर चार. दाब चौपट झाला की प्रत्येक श्वासात चौपट हवा खर्च होते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. त्यातील पाव हिस्सा राखीव ठेवला, तर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या व्यक्तीस १० मीटरवर पाऊण तास मिळतो. ३० मीटरवर जेमतेम २२ मिनिटे. घाबरून धापा टाकणाऱ्याला याच्या निम्मीही मिळत नाहीत.

हवेपेक्षाही कठोर बंधन आहे ते नत्रवायूचे. वाढत्या दाबाखाली हा वायू रक्तात व ऊतींत विरघळत जातो. माणूस झपाट्याने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे शरीरात तयार होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही संभवते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. आजचे मनगटी डायव्ह कॉम्प्युटर त्याच विचाराचे वारसदार आहेत. पाडीच्या कोष्टकानुसार पहिल्या बुडीत १८ मीटरवर ५६ मिनिटे राहता येते, ३० मीटरवर केवळ २०. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, असा शिरस्ता आहे.

तीस मीटरच्या आसपास नत्रवायू आणखी एक करामत करतो. मद्य घेतल्यासारखी किंचित धुंदी येते, विचार मंदावतो. प्रशिक्षक खाली एखादे साधे गणित सोडवायला देतात. वर चुटकीसरशी सुटणाऱ्या बेरजेला तेथे वेळ लागतो. धोका असा, की स्वतःची बुद्धी मंदावली आहे हे ज्याचे त्याला उमगत नाही. काही मीटर वर आले की धुंदी ओसरते. रंगांचेही तसेच. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो आणि खोलवर बोटातून आलेले रक्त हिरवट-काळे दिसते. विजेरी पेटवताच करडा वाटणारा खडक एकदम केशरी, जांभळा, लाल होऊन उजळतो.

पाण्यात तरंगत राहण्याची विद्या

या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी कौतुक होणारा भाग म्हणजे तोल. वरही जायचे नाही, खालीही बसायचे नाही, हात न हलवता एका पातळीवर स्थिर राहायचे. कमरेच्या शिशाच्या वजनांचा अचूक अंदाज, जॅकेटमधील हवा आणि मुख्य म्हणजे श्वास, यांवर तो साधतो. सावकाश श्वास घेतला की शरीर किंचित वर येते, सोडला की खाली जाते. फुप्फुसेच सुकाणूचे काम करतात. श्वास रोखून धरणे मात्र कटाक्षाने वर्ज्य. वर येताना कोंडलेली हवा प्रसरण पावते व फुप्फुसाला इजा होते.

या तोलाचा संबंध केवळ पाणबुड्याच्या सुरक्षेशी नाही. फांद्यांसारखी प्रवाळे वर्षाला साधारण दहा सेंटिमीटर वाढतात, तर घुमटासारखी जेमतेम एखादा सेंटिमीटर. पायातील फिनच्या एका बेसावध फटक्याने कित्येक वर्षांची वाढ तुटते, तळाची उडालेली वाळू प्रवाळांवर बसून त्यांचा श्वास कोंडते. त्यातच समुद्र तापत आहे. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा पाणी काही आठवडे अंशभर अधिक उष्ण राहिले, तरी प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपने १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ असे चार मोठे तडाखे सोसले आहेत. तेथील बेट चढत्या तापमानापासून वाचवणे पर्यटकाच्या हाती नाही. निदान सावरू पाहणाऱ्या प्रवाळावर गुडघे टेकायचे नाहीत, एवढे त्याच्या हाती आहे.

दिशाशोधनात होकायंत्राबरोबर निसर्गाच्या खुणा वाचायला शिकवतात. तळाच्या वाळूवरील लहरींच्या रेघा बहुधा किनाऱ्याला समांतर असतात. उतार, प्रवाहाची दिशा, सूर्याची तिरीप हेही वाटाडे होतात. रात्रीची बुडी ऐच्छिक असली तरी चुकवू नये अशीच. दिवसा दगडासारखी भासणारी प्रवाळे अंधारात इवले शुंडक पसरून भक्ष्य टिपत असतात आणि काही जातींचे पोपटमासे स्वतःभोवती चिकट द्रवाचा पारदर्शक कोष विणून झोपलेले आढळतात.

पुढे ‘रेस्क्यू डायव्हर’चा अभ्यासक्रम आहे. त्यात घाबरलेल्या सोबत्याला सावरण्याचे धडे मिळतात, आणि जाणकार प्रमाणपत्रांच्या शिडीत याच पायरीला सर्वाधिक मान देतात.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मालवणचे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. तेथील बहुतेक पर्यटकी बुड्या उथळ असतात. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेस, आंग्रे घराण्याचे नाव लाभलेले ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले प्रवाळ-पठार आहे. त्याचा माथाच पृष्ठभागापासून सुमारे २० मीटर खाली. म्हणजे केवळ पहिले प्रमाणपत्र खिशात असलेल्यास तेथील सर्वांत उंच जागाही मर्यादेबाहेरची ठरते. शिवाय खुला समुद्र, जोरदार प्रवाह आणि मदतीपासूनचे अंतर पाहता ते शिकाऊ पाणबुड्याचे स्थळ नव्हेच.

प्रशिक्षणासाठी कोकणात पावसाळा संपून समुद्र निवळल्यानंतरचे, ऑक्टोबर ते मे हे महिने योग्य. पाण्याची पारदर्शकता अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपाच्या तुलनेत बरीच कमी असते. पण दिशाशोधन शिकणाऱ्याला गढूळ पाणी अधिक शिकवते. दमा, हृदयविकार वा कानाच्या तक्रारी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा. अंदमान-लक्षद्वीपहून विमानाने परतणाऱ्यांनी शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास उड्डाण टाळावे आणि परतीचे तिकीट काढतानाच हा हिशेब करावा.