मॅटाडोरचा गिअरबॉक्स आणि पेण-रोह्याचा रस्ता

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याकडच्या वाहतुकीचा इतिहास लिहिला जातो तो आगमनांच्या तारखांनी. आधी अंतोऱ्याचं बंदर आणि गलबतं, मग 1948 नंतरची एसटी, 1986 मध्ये आपट्याहून रोह्यापर्यंत आलेले रूळ, 1998 मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे. या तारखा खऱ्या आहेत, पण त्या फक्त काय आलं ते सांगतात. जे आलं ते चालत कसं राहिलं, हे त्यांतून कळत नाही. माझं म्हणणं असं की या पट्ट्यातल्या रस्ते-वाहतुकीचा अर्धा इतिहास गॅरेजांत घडला, आणि तो समजून घ्यायचा तर मॅटाडोरच्या गिअरबॉक्सकडे बघायला हवं.

मॅटाडोर ही व्हॅन मुळात जर्मन. हॅम्बुर्गच्या विडाल आणि पुत्रांच्या टेम्पो कारखान्याशी एन. के. फिरोदियांनी करार केला आणि 1958 मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली. सुरुवात तीनचाकी हॅनसीटने झाली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला आणि 1969 मध्ये मॅटाडोर आली. तिकडे जर्मनीत मूळ कंपनी आधी हानोमागकडे आणि मग डाइमलर-बेंझकडे गेली. याच घराण्यातली व्हॅन तिथे मर्सिडीजच्या नावाने विकली गेली आणि 1977 मध्ये बंद झाली. आकुर्डीत मात्र मॅटाडोर 2000 सालापर्यंत बनत होती. जर्मनीत त्या व्हॅनमध्ये बिछाने आणि शेगडी बसवून लोक सुट्टीला निघाले. आपल्याकडे तिच्यात वऱ्हाड बसलं, भाताची पोती चढली, मासळी आणि गणपती चढले. दोन्ही उपयोगांचं कारण एकच होतं. ही गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सगळं पुढे असल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नव्हता आणि तळ खाली, सपाट राहिला. झोपायला उंची मिळाली तशीच पेण-हमरापूरच्या उंच मूर्तींनाही मिळाली.

पण या सोयीची किंमत गिअरबॉक्सने मोजली. गाडी मागे भरली आणि चढाला लागली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना भिसे खिंड आहे, कोलाडच्या वाटेवर सुकेळी खिंड, पनवेलच्या बाजूला कर्नाळा. भर पावसात तिथे चाक घसरतं, क्षणात पुन्हा पकड घेतं, आणि तो झटका थेट गिअरच्या दात्यांवर बसतो. मूर्ती घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला धक्का देऊन चालत नाही. तो पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून गाडी सरकवतो. त्यात मूर्ती वाचते आणि क्लच प्लेट जळते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायची खोड वेगळीच. खाली पोचल्यावर वेगात असलेल्या गाडीला गिअर दाबून घालायचा, म्हणजे गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगचा जीव घ्यायचा.

त्यात पाणी. आंबा नदीच्या काठचं नागोठणं, कुंडलिकेकाठचं रोहे, भोगावतीकाठचं पेण ही सगळी पुराची गावं. जुलै 1989 चा पूर आणि 26 जुलै 2005 हे दिवस इथे कोणाला सांगावे लागत नाहीत. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. नंतर गाडी व्यवस्थित चालते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. आत बेअरिंगला गंज धरलेला असतो. जाणता मिस्त्री अशा गाडीचा ड्रेन बोल्ट आधी सैल करतो आणि पडणारं ऑइल बोटावर घेऊन उजेडात धरतो. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. पिवळसर बारीक चमक असेल तर पितळी सिंक्रो रिंग झिजतेय. बोटाला टोचणारी पोलादी कपची लागली तर दात किंवा बेअरिंग गेलं, आता बॉक्स उतरवल्याशिवाय सुटका नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिसरा निसटतो का, हेही तो गाडी चालवून बघतो. तसं असेल तर फोर्क झिजलाय की शाफ्टला अक्षाच्या दिशेने ढिलाई आलीय ते तपासतो, आणि योग्य जाडीची शिम, म्हणजे पातळ चकती, घालून ती ढिलाई मारतो. हे ज्ञान मॅन्युअलपेक्षा हाताने हाताला दिलं गेलं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे सगळं नाइलाजाचं होतं, परवाना-राजमध्ये नवी गाडी मिळत नव्हती म्हणून लोक जुनी ओढत होते. 1991 पूर्वीपुरतं यात तथ्य आहे. पण टाटा 407 आणि टेम्पो ट्रॅव्हलर 1980 च्या दशकातच बाजारात आल्या, 1991 नंतर पर्याय वाढतच गेले, तरी मॅटाडोर आणखी 9 वर्षं बनत राहिली. मग म्हणतात, जुनी स्वस्त पडायची. हो, पण का? गिअरबॉक्स खोलणारा माणूस जवळपास असेल, जुना पार्ट कुर्ल्याच्या बाजारातून एका दिवसात येत असेल, शाफ्ट लेथवर भरून मिळत असेल, तरच जुनी गाडी स्वस्त. हे नसेल तर तीच गाडी भंगाराच्या भावाची. स्वस्ताईमुळे दुरुस्ती वाढली असं मानणं म्हणजे क्रम उलटा लावणं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. जुन्या डिझेल गाड्या धूर ओकतात, त्यांचे ब्रेक आणि पत्रा थकलेले असतात, आणि या पट्ट्यातल्या ज्या रस्त्यावर इतके अपघात झाले तिथे त्यांचं कौतुक कशाला? 2021 च्या स्क्रॅपिंग धोरणामागचा हा विचार मला मान्य आहे. ज्या मॅटाडोरचा पत्राच कुजलाय ती रस्त्यावर नको. पण गाडी निवृत्त करणं आणि तिच्यावर तयार झालेलं कौशल्य निकालात काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॅटाडोरवर शिकलेल्या हातांनीच पुढे 407 आणि ट्रॅव्हलरचे बॉक्स खोलले. बेअरिंगचा आवाज ओळखायला गाडीचं नाव लागत नाही. 2021 मध्येच राज्याने कारवॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनमध्ये बिछाने घालून लोक कोकणात उतरणार असतील, तर दहा-पंधरा वर्षांनी त्या गाड्यांचा तिसरा गिअरही सुकेळीच्या उतारावर निसटणार आहे. तेव्हा तो बॉक्स खोलणारा माणूस पेणला किंवा रोह्याला मिळावा, यासाठी आज हयात असलेल्या मिस्त्रींकडून शिमची जाडी, ऑइलची पारख आणि जुळवणीचा क्रम लिहून घेऊन आयटीआयच्या मुलांसमोर ठेवायला हवा. हे काम गाड्या भंगारात जाण्याआधी व्हायला हवं, कारण उघडून दाखवायला बॉक्स लागतो.