एसटीडी बूथ

पैसे देऊन दूरध्वनी करण्याचे सार्वजनिक ठिकाण; फलकावरील नाव एसटीडी-आयएसडी-पीसीओ. इंग्लंडमधील खेड्यांना जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी घडवलेली लाल ओतीव लोखंडी पेटी मिळाली. कोकणात तेच काम पिवळ्या पाटीच्या, किराणा दुकानाला चिकटून असलेल्या काचेच्या खोलीने केले.

भारतात परगावी थेट डायल करण्याची सोय, म्हणजेच एसटीडी, 1960 मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली. 1984 मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने खेड्यांसाठी छोटी एक्स्चेंजेस तयार केली आणि बूथ गावोगाव पोचले. बूथवाटपात अपंगांना प्राधान्य होते. अनेक घरे त्यावर चालली.

खाडीपलीकडच्या भाट्ये गावासह रत्नागिरी परिसराचा कोड 02352. मुंबईचा 022 फिरवला, की चाकरमान्याशी गाठ पडे.

आत जेमतेम एक माणूस मावे. समोरच्या मीटरवर लाल आकडे सरकत, नजर त्यांच्यावर, बोलणे पोराशी. मग छोट्या यंत्रातून बिलाची चिंचोळी पट्टी बाहेर येई. रात्री दर पावपट होत असल्याने रांग जेवणानंतरच लागे. घरी फोन नसलेल्यांना शेजाऱ्याचा पीपी नंबर असे, आणि ‘पाच मिनिटांनी पुन्हा करतो’ हा निरोप ठरलेला.

मोबाइल आला आणि बूथ ओस पडले. ब्रिटनमध्ये 2008 पासून गावे लाल पेट्या एका पौंडात दत्तक घेतात, त्यांत पुस्तके ठेवतात. आपल्याकडेही एखादा बूथ मीटरसकट जपायला हवा.