कानामागून आली...

गेल्या महिन्यात बाबांसाठी कानाचं मशीन घेतलं. 'घेतलं' म्हणायला एक सेकंद लागतो, त्यांना तयार करायला दोन वर्षं लागली. त्याच धांदलीत जुने कागद शोधताना डोंबिवलीच्या घरातला एक ड्रॉवर उपसला आणि नानांचं मशीन हाती आलं. नाना म्हणजे माझे आजोबा. सेलच्या जागी पांढरट थर चढलेला. शेजारी कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी, आणि डबीत चार सेल. एकाही सेलवर स्टिकर नाही. (हे स्टिकर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

नाना २०१६ मध्ये गेले. त्यांच्याबद्दल आमच्या घरात एक ठराव एकमताने पास झालेला होता : नाना हट्टी. एवढं महागाचं मशीन आणलं आणि दीड महिना लावून ठेवून दिलं! आजी तर म्हणायची, "ह्यांना ऐकायचंच नाहीये." ड्रॉवर बंद करता करता मला पहिल्यांदाच शंका आली की बग रिपोर्ट नीट न वाचताच आपण 'यूजर एरर' म्हणून क्लोज केला की काय? मग दोन वीकएंड ह्या यंत्राचा इतिहास वाचण्यात गेले.

तर सुरुवात अशी, की खूप काळ ह्या यंत्राला बॅटरी नव्हतीच. कर्णे होते. रुंद तोंडाने आवाज गोळा करायचा आणि निमुळत्या टोकाने कानात सोडायचा. बेथोव्हेनसाठी मेल्झेलने असे कर्णे बनवले होते, ते आज बॉनमध्ये त्याच्या जन्मघराच्या संग्रहालयात आहेत. पोर्तुगालचा राजा सहावा जॉन ह्याच्यासाठी तर १८१९ मध्ये लंडनच्या रेन कंपनीने अख्खं सिंहासनच बनवलं. दरबाऱ्याने गुडघे टेकून सिंहासनाच्या हातात बोलायचं, आणि आवाज नळीतून राजाच्या कानाशी! राजाला ऐकू यावं म्हणून वाकायचं काम दरबाऱ्याचं. हा मुद्दाही लक्षात ठेवा.

१८७६ मध्ये ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन आला. बेलची आईही बहिरी आणि बायकोही, त्यामुळे हा विषय त्याच्या घरचाच होता. टेलिफोनमधला कार्बन मायक्रोफोन वापरून मिलर हचिसन ह्या अमेरिकन इंजिनिअरने १८९८ च्या सुमारास विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवलं. त्याचं सुधारित रूप, अकूस्टिकॉन, १९०२ मध्ये ब्रिटनच्या राणी अलेक्झांड्राने वापरलं. (ह्याच गृहस्थाने पुढे मोटारीचा क्लॅक्सन हॉर्न शोधला. आधी लोकांना बहिरं करायचं आणि मग त्यांना मशीन विकायचं, असा विनोद तेव्हाच झाला होता म्हणे!)

इथून बॅटरी गोष्टीत आली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, अगदी तसं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं हे यंत्र केवढं असावं, किती वेळ चालावं आणि काय काय करू शकावं, हे तीच ठरवत आली आहे.

१९३० च्या दशकात व्हॅक्यूम ट्यूबची, अंगावर बाळगता येणारी यंत्रं आली. आवाज दणदणीत, पण ट्यूबला दोन बॅटऱ्या लागायच्या. एक तिचा फिलामेंट तापवायला दीड व्होल्टची आणि दुसरी वीस-पंचवीस व्होल्टच्या पुढची. सगळा ऐवज किलोभर. मायक्रोफोन छातीवर, बॅटऱ्या कमरेला नाहीतर मांडीला बांधलेल्या. ऑफिसला जाताना लॅपटॉपची बॅग जड वाटते असं म्हणणाऱ्यांनी (म्हणजे मीही) जरा कल्पना करून बघावी.

मग दुसरं महायुद्ध. दमट, उष्ण प्रदेशात अमेरिकन सैन्याच्या साध्या बॅटऱ्या दगा द्यायला लागल्या. त्यावर सॅम्युएल रुबेनने पाऱ्याचा सेल काढला आणि मॅलरी कंपनीने तो बनवला (हीच मॅलरी पुढे ड्युरासेल झाली). छोटा, टिकाऊ आणि व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास स्थिर. युद्ध संपल्यावर हा सेल श्रवणयंत्रांत शिरला.

ह्यापुढचा भाग आपल्या धंद्यातल्या लोकांनी जरा सावरून बसून वाचावा. १९४७ च्या डिसेंबरमध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला. त्याचं लायसन्स घ्यायला कंपन्यांना पैसे मोजावे लागत होते, पण श्रवणयंत्रांसाठी रॉयल्टी माफ होती, ग्रॅहॅम बेलच्या स्मरणार्थ. १९५२ च्या अखेरीस सोनोटोन १०१० हे यंत्र बाजारात आलं. त्यात दोन ट्यूब आणि एकच ट्रान्झिस्टर होता. तो कुठे बसवला? शेवटच्या टप्प्यात, जिथे बॅटरी सगळ्यात जास्त खाल्ली जाते तिथे. सामान्य माणसाने दुकानातून विकत घेतलेला पहिला ट्रान्झिस्टर हा असा कानाच्या मशीनमधला होता. ट्रान्झिस्टर रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी आला. आणि १९६४ मध्ये झेनिथचं मशीन आलं, इंटिग्रेटेड सर्किट असलेली ग्राहकांसाठीची पहिली वस्तू. आयसीच्या शोधाबद्दल २००० मध्ये नोबेल मिळालेला जॅक किल्बी त्याआधी सेंट्रलॅबमध्ये श्रवणयंत्रांचे ट्रान्झिस्टर अँप्लिफायर बनवत होता. थोडक्यात, ज्या चिपवर आपलं घर चालतं तिचे पहिले 'बीटा टेस्टर' कमी ऐकू येणारे लोक होते.

आणि बीटा टेस्टरच्या वाट्याला येतं ते त्यांच्याही वाट्याला आलंच. १९५३ मध्ये पूर्ण ट्रान्झिस्टरची यंत्रं धडाधड बाजारात आली आणि काही आठवड्यांत बंद पडायला लागली. ट्यूब वर्षानुवर्षं चालायची, हे नवं लाडकं बाळ मात्र अंगाच्या उबेने आणि घामाने आजारी पडायचं! शेवटी ट्रान्झिस्टरला ओलाव्यापासून वाचवणारं आवरण चढवलं, तेव्हा कुठे निभावलं. प्रयोगशाळेत घाम येत नाही, माणसाला येतो. प्रॉडक्शनमध्येच बग सापडतात, दुसरं काय!

आता स्टिकर.

पारा विषारी, म्हणून १९९० च्या दशकात पाऱ्याचे सेल मागे पडले. जागा घेतली झिंक-एअर सेलने. त्याचं तत्त्व जुनं आहे, १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेच्या सिग्नलसाठी ह्या जातीच्या मोठ्या बॅटऱ्या वापरत. गंमत अशी की सेलमध्ये फक्त जस्त भरलेलं असतं, लागणारा ऑक्सिजन तो बाहेरच्या हवेतून घेतो. अर्धा माल बाहेर ठेवल्यामुळे एवढ्याशा गोळीत भरपूर वीज मावते. हवा जायला सेलच्या पाठीवर बारीक भोकं असतात आणि त्यांवर रंगीत स्टिकर. पिवळा म्हणजे १० नंबर, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. स्टिकर काढला की सेल श्वास घ्यायला लागतो, आणि मग मशीनमध्ये घाला नाहीतर डबीत ठेवा, त्याचं आयुष्य संपायला सुरुवात होते. काही आठवडे, बस. स्टिकर परत चिकटवून उपयोग नाही.

२०१० मध्ये मी तीन महिन्यांसाठी ऑनसाइट निघालो होतो. नानांची बोटं थरथरायची, तो बारीक स्टिकर त्यांना निघायचा नाही. मी हिशोब केला. १३ नंबरच्या सेलमध्ये साधारण तीनशे मिलीअँपिअर-अवर, मशीनला दीड मिलीअँपिअर, म्हणजे दोनशे तास. रोज चौदा तास धरले तर दोन आठवडे. सहा सेल, तीन महिने. मग मी काय केलं, तर विमानतळावर जायच्या आदल्या रात्री सहाही सेलचे स्टिकर काढून, रोलच्या डबीत भरून नानांच्या हातात दिले. म्हटलं, "आता नुसतं बदलायचं, नाना."

हिशोब बरोबर होता. लॉजिक चूक होतं.

पहिला सेल चालला. दुसराही थोडाफार चालला असेल. पुढचे चार डबीतच संपले. फोनवर नाना म्हणाले होते, "अरे, ह्यातून काही ऐकू येत नाही." आणि मी त्यांना म्हणालो होतो, "सवय होईल नाना, लावत जा."

ह्या वाक्यापुढे मी दोन वीकएंड अडकलो होतो.

असो. वायरलेसचं सांगायचं राहिलं, कारण तिथेही पुन्हा हीच बाई आडवी येते. कानाच्या मशीनचं वायरलेस ब्लूटूथपेक्षा बरंच जुनं आहे. १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये जोसेफ पोलिआकॉफने इंडक्शन लूपचं पेटंट घेतलं. हॉलभोवती तारेचा वेढा, त्यात आवाजाचा करंट, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र यंत्रातली इवलीशी कॉइल पकडते. ना पेअरिंग ना पासवर्ड, आणि बॅटरीवर भार जवळजवळ शून्य. मशीनवर 'टी' असं सेटिंग असेल तर ते ह्याचंच.

ब्लूटूथ १९९९ मध्ये आलं, तरी कानाच्या मशीनपर्यंत पोचायला वेळ लागला. तेव्हाच्या ब्लूटूथला वीस-तीस मिलीअँपिअर लागायचे. वरचा हिशोब करा, तीनशेचा सेल दहा तासांत खलास. त्यात झिंक-एअरला एवढ्या वेगाने श्वासही घेता येत नाही. म्हणून काही वर्षं लोक गळ्यात एक डबी अडकवत : फोनशी ब्लूटूथने बोलायचं काम डबीचं, कानाशी चुंबकीय लहरींनी बोलायचंही तिचंच. २०१४ पासून आयफोनशी थेट जोडणारी यंत्रं आली. २०२२ मध्ये एलई ऑडिओचं स्पेसिफिकेशन पूर्ण झालं. कमी विजेत चालणारं, सर्वांसाठी एकच. त्यातल्या ऑराकास्टमध्ये एका ठिकाणाहून हॉलभर आवाज सोडता येतो. म्हणजे १९३७ च्या तारेच्या वेढ्याचीच नवी आवृत्ती. फक्त फोन आणि मशीन दोघांनाही ते यायला हवं. घेताना विचारा, दुकानदार आपण होऊन सांगेलच असं नाही.

एवढं वाचून माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी. यंत्र सिंहासनापासून शेंगदाण्याएवढं झालं, पण त्याची देखभाल काही लहान झाली नाही. उलट ती जितकी बारीक झाली तितकी थरथरत्या बोटांच्या आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांच्या हाताबाहेर गेली. राजासाठी वाकायला दरबारी होता. नानांसाठी वाकायला आम्ही होतो, पण आम्ही 'सवय होईल' म्हणून मोकळे झालो.

बाबांनी मुद्दाम सेलवालं मशीन निवडलं. चार्जिंगवालं सोपं असतं, पण पावसाळ्यात ते गावी कोकणात जातात आणि तिथे लाइट दोन दोन दिवस नसते. आता आमचे नियम ठरलेत. स्टिकर एका वेळी एकाच सेलचा, आणि काढल्यावर पाचेक मिनिटं सेल टेबलावर तसाच. रात्री मशीन बंद, सेलचं झाकण उघडं. पावसाळ्यात सेल बाहेर काढून मशीन सिलिका जेलच्या डबीत. सेल फ्रीजमध्ये नाही, खिशातल्या सुट्या पैशांत नाही, आणि माझ्या पुतणीच्या हाताला लागेल असा तर मुळीच नाही, गिळला तर जिवावर बेततं. आवाज दबला की आधी मळाची जाळी बघायची, मग सेल, आणि सगळ्यात शेवटी बाबांचा स्वभाव.

रविवारी सकाळी चहाबरोबर हे काम माझं. परवा बाबा म्हणाले, "पाच मिनिटं कशाला थांबायचं?" म्हटलं, "त्याला श्वास घेऊ दे." नानांचे चार सेल मी ई-कचऱ्यात दिले. डबी ठेवली आहे.

तुमच्याही घरी असा एखादा ड्रॉवर असेल. हट्टीपणाचा ठराव पास करायच्या आधी एकदा तो उघडून बघा.