ताग्यावरचं चित्र

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची छोटी रंगीत कार्डं निघायची. त्यातलं होनस वॅग्नरचं एक कार्ड २०२२ साली ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. तेही १० पैकी जेमतेम २ ग्रेड मिळालेलं! कोपरे, कडा, डाग बघून ग्रेड देणाऱ्या कंपन्याच आहेत तिकडे.

ग्रेड म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. गाड्यांची रांग, ग्रेडरनं उचललेला मूठभर कापूस... रंग, धागा, कचरा, कवडी. तेवढ्यात वर्षाचा हिशोब ठरायचा.

पण तशी चित्रं आपल्याकडे होती का? होती की. सिगारेटच्या पाकिटात नव्हे, विलायती कापडाच्या ताग्यावर.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि सगळ्यांची नजर इकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा उघडायला खुद्द लॉर्ड मेयो आला. कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यानं तर हिशोब उघडच मांडला होता: रेल्वेनं स्वस्त विलायती कापड वऱ्हाडात आणायचं, म्हणजे इथल्या विणकरांचे माग बंद पडतील आणि ते हात कापूस पिकवायला मोकळे होतील. वाचताना अंगावर काटा येतो.

ते कापड यायचं त्यावर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ अशी झगझगीत चित्रं चिकटवलेली असायची. टिका किंवा छाप म्हणत त्यांना. बहुतेक गिऱ्हाइकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून चित्र हीच खूण. मागच्या वेळचा हत्ती टिकला ना, मग हत्तीच द्या! वारावरच्या फसवणुकीवर उपाय म्हणून १८८९ च्या कायद्यानं ताग्यावर लांबी छापणंही सक्तीचं झालं.

आता ही चित्रं संग्राहक जमवतात. गंमत बघा, कार्डाचा नियम इथं लावला तर वरचा ग्रेड कुणाला? छापखान्याच्या नमुना-वहीत राहिलेल्या, कधीच न चिकटवलेल्या कोऱ्या चित्राला. जे बोटीनं, रेल्वेनं आलं, दुकानात हाताळलं गेलं, कुणीतरी सोलून पेटीच्या झाकणाला लावलं, ते खालच्या ग्रेडचं! वॅग्नरच्या सर्वात नावाजलेल्या कार्डाला ८ ग्रेड होता. त्याच्या कडा कापून नीट केल्या होत्या, हे २०१३ साली विकणाऱ्यानंच कबूल केलं. असो.

मला विचाराल तर मी मागे खळ आणि दोनचार धागे चिकटलेलं चित्र निवडीन. ते धागे आपल्याच कापसाचे असतील असं मात्र नाही हं. आपला आखूड धागा मँचेस्टरला कधी फारसा पसंत नव्हता.