खर्रा सोडणं इतकं अवघड का? वऱ्हाडातल्या या व्यसनाबद्दल माहीत असायलाच हव्यात अशा गोष्टी

अमरावती असो की अकोला, पानठेल्यावर एक दृश्य हमखास दिसतं. प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून ती पन्नी जोरजोरात घोटली जाते. हाच खर्रा. व्यसन म्हटलं की लोकांना दारू, गांजा आठवतो. खर्रा मात्र 'टाइमपास' समजला जातो. प्रत्यक्षात तोही व्यसनच आहे आणि त्याची किंमत मोठी आहे.

महाराष्ट्रात किती लोक तंबाखू खातात?

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचं सेवन करतात. त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. तंबाखू खाणारे किंवा तोंडात धरणारे २४.४ टक्के, म्हणजे जवळपास दर चौघांत एक.

सवय लागते कशी?

तंबाखूतलं निकोटीन गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून रक्तात जातं. चुन्यामुळे ते आणखी वेगाने शोषलं जातं. मेंदूत डोपामिन वाढतं आणि बरं वाटतं. हळूहळू मेंदूला त्याची सवय होते आणि तेवढंच बरं वाटायला जास्त खर्रा लागतो. मिळाला नाही की चिडचिड, बेचैनी सुरू होते. म्हणून 'मनावर घेतलं की सुटते' हे अर्धसत्य आहे.

'तंबाखू नको, नुसती सुपारी चालते' हाही गैरसमज. सुपारीतल्या अॅरेकोलिनचीही सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवलं.

तोंडात काय बदल होतात?

सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होत जाते. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातून पुढे तोंडाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. ही लक्षणं दिसली तर दंतचिकित्सकाकडे जा:

• तिखट खाल्लं की तोंडाची आग होणं
• तोंड पूर्ण न उघडणं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये जात नसतील तर तपासणी करून घ्या
• पांढरे किंवा लाल चट्टे
• दोन-तीन आठवड्यांत बरी न होणारी जखम

कडक झालेली त्वचा सहसा पूर्ववत होत नाही. पण खर्रा जितक्या लवकर बंद होईल, तितकं पुढचं नुकसान टळतं.

कायदा काय सांगतो?

राज्यात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. खर्र्यात वापरला जाणारा सुगंधित तंबाखूही नंतर या बंदीत आला. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. बाल न्याय कायद्यानुसार मुलांना तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

सोडायचा कसा?

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात. त्रास साधारण तीन-चार आठवड्यांत बराच कमी होतो. तलफ आली की काही मिनिटं थांबा, पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात ठेवा. ठेल्यासमोरचा रस्ताच टाळा. निकोटीनची च्युइंगम मदत करते, पण ती डॉक्टरांना विचारून घ्या.

सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११-२३५६. दारू, गांजा किंवा इतर नशेसाठी १४४४६ वर फोन करता येतो.

मध्येच पुन्हा एखादा खर्रा खाल्ला गेला, तर सगळं संपलं असं नाही. बऱ्याच जणांना सोडण्यासाठी एकापेक्षा जास्त प्रयत्न करावे लागतात. घरच्यांनी अशा वेळी टोमणे मारण्यापेक्षा पुढच्या प्रयत्नात साथ दिली, तर सोडणाऱ्याचं काम सोपं होतं.